विश्लेषण : नोट हातात दिली तर टिप, उधळली तर गुन्हा? डान्स बारमधील पैशांबाबत कायदा काय सांगतो?

लग्नसराईत कामठीच्या रस्त्यावरून वरात निघाली की नवरदेवावरून दहा-दहाच्या नोटा ओवाळल्या जातात आणि त्या बँडवाल्यांकडे जातात. कव्वालीच्या मैफलीत कव्वालापुढे नजराण्याच्या नोटा पडतात. यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मात्र तीच दहाची नोट नृत्याचा परवाना असलेल्या बारमध्ये नर्तिकेवर उधळली, तर महाराष्ट्रात तो गुन्हा ठरतो. आणि तीच नोट शांतपणे तिच्या हातात दिली, तर ती कायदेशीर टिप ठरते. रक्कम तीच, देणारा तोच, घेणारीही तीच. मग फरक कशाचा? हा फरक कायद्याने का केला आणि त्यातून नर्तिकेच्या हाती नेमके काय पडते?

कायद्यातील तरतूद काय?

राज्य सरकारने २०१६ मध्ये हॉटेल, उपाहारगृहे आणि बारमधील अश्लील नृत्यास प्रतिबंध करणारा आणि तेथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण करणारा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या कलम ६ (४) मध्ये तीन गोष्टींना मनाई करण्यात आली. पहिली, मंचावर नाणी, नोटा किंवा पैशांत रूपांतर करता येईल अशी कोणतीही वस्तू फेकणे वा उधळणे. दुसरी, नर्तिकेच्या हातात थेट पैसे देणे. तिसरी, तिच्याशी गैरवर्तन करणे किंवा तिला स्पर्श करणे. हे करणाऱ्या ग्राहकाला सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. टिप द्यायचीच असेल तर ती बिलात जोडून द्यावी, अशी परवान्याची अट होती.

या कायद्याला बारमालकांच्या संघटनेने आणि इतरांनी आव्हान दिले. १७ जानेवारी २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने निकाल दिला. नोटा आणि नाणी उधळण्यावरील बंदी न्यायालयाने कायम ठेवली. हातात टिप देण्यावरील बंदी मात्र रद्द केली आणि बिलातून टिप देण्याची अटही काढून टाकली. आज ‘उधळणे’ आणि ‘देणे’ यांत जी रेषा आहे, ती या निकालाने आखलेली आहे.

बिलातून टिप देण्यास हरकत का?

वरवर पाहता बिलातून टिप देण्याची अट सभ्य वाटते. रोख रक्कम नाही, स्पर्शाचा प्रश्न नाही, हिशेबही चोख. पण बिल वसूल करतो तो बारमालक. बिलात जोडलेली टिप आधी त्याच्या गल्ल्यात जाते. ती नर्तिकेपर्यंत कधी आणि किती पोहोचेल, हे त्याच्या मर्जीवर राहते. टिप कशी द्यायची हा ग्राहक आणि कलाकार, तसेच कलाकार आणि मालक यांच्यातील विषय आहे, सरकारने त्याची एकच पद्धत लादू नये, अशी न्यायालयाची भूमिका होती.

उधळण्याच्या बाबतीत मात्र न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले. उधळलेल्या पैशांमुळे नृत्य अश्लीलतेकडे झुकू शकते आणि अनुचित प्रकार घडू शकतात, या कारणास्तव ही बंदी वाजवी ठरवण्यात आली.

प्रकरण इथवर कसे आले?

तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने राज्यात ऑगस्ट २००५ मध्ये डान्स बारबंदी लागू झाली. तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. हा भेदभाव असल्याचे सांगत मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. सुमारे ७५ हजार स्त्रियांचा रोजगार गेल्याचा आकडा या प्रकरणात वारंवार मांडला गेला. बंदीनंतर अनेकींना अधिक असुरक्षित कामांकडे वळावे लागले, याचीही न्यायालयाने दखल घेतली. २०१४ मध्ये सरकारने सूट काढून टाकून सरसकट बंदी आणली. तिला ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. त्यानंतर आला तो २०१६ चा कायदा. म्हणजे नृत्यावर बंदी घालता येत नाही असे दिसल्यावर नृत्याभोवतीच्या अटी कडक करण्यात आल्या आणि पैसे देण्याची पद्धत ही त्यातलीच एक अट होती.

सुट्टे, बंडले आणि वाटणी

बंदीपूर्वीच्या डान्स बारमध्ये सुट्टे पैसे हा व्यवसायाचा कणा होता. ग्राहक पाचशे किंवा हजाराची नोट वेटरच्या हातात ठेवत असे आणि वेटर दहा-दहाच्या नोटांचे बंडल आणून देत असे. कारण साधे होते. पाचशेची एक नोट एकदाच देता येते, दहाच्या पन्नास नोटा पन्नास वेळा उधळता येतात. ग्राहक मोठा दिसतो, नर्तिकेला तितका वेळ त्याच्यासमोर थांबावे लागते आणि पाहणाऱ्या दुसऱ्या ग्राहकालाही चेव येतो. मुद्रांक घोटाळ्यातील आरोपी अब्दुल करीम तेलगी याने एका रात्रीत एका नर्तिकेवर लाखो रुपये उधळल्याच्या बातम्या त्या काळी गाजल्या, त्या याच पद्धतीमुळे.

उधळलेले पैसे उचलण्याचे काम बहुधा बारची पोरे करत. रात्री बार बंद झाला की मोजणी होई आणि ठरलेल्या प्रमाणात मालक आणि नर्तिका यांच्यात वाटणी होई. हे प्रमाण प्रत्येक बारमध्ये वेगळे असे. अनेकींना ठरावीक पगार नसल्याने हा वाटा म्हणजेच त्यांची कमाई होती. त्यामुळे उधळलेली नोट नर्तिकेच्या अंगावर पडली तरी ती तिची झाली असे नाही. ती उचलणारा दुसरा, मोजणारा तिसरा आणि वाटणारा मालक. हातात दिलेल्या नोटेची मोजणी मात्र तिला स्वतःला करता येते.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेतील स्ट्रिप क्लबमध्ये मंचाच्या कडेला बसलेल्या ग्राहकाने एक-एक डॉलरच्या नोटा ठेवणे हा शिष्टाचार मानला जातो आणि त्यासाठी क्लबमध्येच मोठ्या नोटांचे सुट्टे मिळतात. अनेक क्लबमध्ये नर्तिकांनाच क्लबला रात्रीचे शुल्क द्यावे लागते. शिवाय मिळालेल्या टिपमधून ध्वनिसंयोजक, सुरक्षारक्षक यांनाही वाटा द्यावा लागतो. काही ठिकाणी कार्डावर पैसे घेऊन क्लबचेच कूपन दिले जाते आणि ते वटवताना क्लब आपला हिस्सा कापून घेतो. समाज वेगळा, चलन वेगळे. पण ग्राहकाचा हात आणि नर्तिकेचा हात यांच्यामध्ये कोण उभा आहे, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

दौलतजादा आणि उधळणे यात काय फरक?

कलाकाराला प्रेक्षकांनी थेट पैसे देण्याची परंपरा मराठी मुलखाला नवी नाही. तमाशा आणि संगीतबारीतील दौलतजादा सर्वांना ठाऊक आहे. पूर्व विदर्भातील खडी गंमतीतही शाहिराला बक्षीस देण्याची रीत आहे. कामठी हे ताजुद्दीन बाबांचे जन्मगाव. त्यांच्या नागपुरातील दर्ग्याशी जोडलेल्या कव्वालीच्या परंपरेत नजराणा येतोच.

या परंपरा पूर्णपणे निर्दोष होत्या, असे म्हणता येणार नाही. दौलतजादातही देणाऱ्याचा रुबाब असतो, लगट करण्याची धडपड असते आणि वाटणीत कलावतीच्या वाट्याला कमी येण्याची तक्रारही जुनी आहे. तरीही एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. बक्षीस कलाकार घेतो, दाद म्हणून स्वीकारतो. उधळण्यात स्वीकारण्याची पायरीच नसते. पैसे अंगावर येतात, नको म्हणण्याची सोय नसते.

नागपूर जिल्ह्यात काय घडले?

हा विषय मुंबई, ठाणे, पनवेलपुरता मानण्याची सवय आहे. प्रत्यक्षात नागपूर जिल्ह्यातील दोन घटनांनी तो ग्रामीण भागातही आणला. शंकरपटावरील बंदी उठल्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये उमरेड तालुक्यातील ब्राह्मणी येथील ‘डान्स हंगामा’ कार्यक्रमाची चित्रफीत पसरली आणि पोलिसांनी अश्लील नृत्याबद्दल कारवाई केली. त्यानंतर मे २०२३ मध्ये उमरेड परिसरातील एका रिसॉर्टवर छापा पडला. तोकड्या कपड्यांत सहा तरुणी नाचत होत्या आणि पाहणारे नोटा उधळत होते, असा आरोप होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे आणि उत्तेजक हावभाव एवढ्याने नृत्य अश्लील ठरत नाही, तसेच उपस्थितांपैकी कुणाला त्याचा त्रास झाला असेही दिसत नाही, असे न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझिस यांच्या खंडपीठाने म्हटले.

भारतीय दंड संहितेचे कलम २९४ (आता भारतीय न्याय संहितेतील कलम २९६) लागू होण्यासाठी कृत्य अश्लील असणे आणि त्याचा इतरांना उपद्रव होणे आवश्यक असते. केवळ नोटा उधळणे त्यात बसत नाही. नोटांचे हार करू नयेत, समारंभात त्या उधळू नयेत, असे आवाहन रिझर्व्ह बँकेने केलेले आहे. मात्र त्यामागचा हेतू नोटा स्वच्छ राहाव्यात हा आहे. म्हणूनच वरातीत नोटा उधळणाऱ्यावर गुन्हा दाखल होत नाही.

परवाने का मिळत नाहीत?

२०१६ च्या कायद्यानुसार धार्मिक स्थळे आणि शिक्षणसंस्थांपासून एक किलोमीटरच्या आत डान्स बारला परवानगी नव्हती. कामठीसारख्या गावात या अटीचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासाठी नकाशाची गरज नाही. छावणीतील चर्च, मशिदी, मंदिरे, बौद्ध विहार आणि शाळा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एक किलोमीटरचे वर्तुळ काढत गेले तर गावात जागाच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही अट अवाजवी म्हणून रद्द केली. बारच्या आत सीसीटीव्ही लावण्याची सक्तीही खासगीपणाच्या हक्काचा भंग म्हणून रद्द झाली. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळेची मर्यादा मात्र कायम राहिली.

निकालानंतरही राज्यात डान्स बार पूर्वीसारखे सुरू झाले नाहीत. व्यवहारात दिसतात ते गायन-वादनाचा परवाना असलेले ऑर्केस्ट्रा बार. तिथे चार पुरुष आणि चार स्त्रिया एवढेच कलाकार मंचावर असावेत, अशी अट होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्री-पुरुष संख्येची ही विभागणी रद्द केली, एकूण आठ कलाकारांची मर्यादा ठेवली. परवाना गायनाचा आणि आत नृत्य, असे आढळले की छापा पडतो. अशा वेळी गल्ल्यातील रोकड जप्त होते आणि त्यात त्या रात्रीची न वाटलेली टिपही जाते.

यूपीआयमुळे प्रश्न सुटेल?

सुट्ट्यांची अडचण यूपीआयने मिटते, हे खरे. पण क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा, हा प्रश्न उरतो. तो बारचा असेल, तर टिप पुन्हा मालकाच्या खात्यात जाते, म्हणजे रद्द झालेली बिलाची अटच मागच्या दाराने परत येते. तो नर्तिकेचा असेल, तर पैसे पाठवणाऱ्याला तिचे बँकेत नोंदलेले नाव दिसते, अनेकदा मोबाइल क्रमांकही कळतो. या व्यवसायातील अनेक जणी कामावर वेगळे नाव वापरतात. घरी, गावात, मुलांच्या शाळेत आपले काम कळू नये, यासाठी ती काळजी असते. पन्नास रुपयांच्या टिपसाठी ती उघडी पडू शकते. रोख नोटेवर नाव नसते, हा तिचा फायदा इथे कळतो.

लेखी करार करावा आणि मोबदला बँक खात्यात जमा व्हावा, ही अट न्यायालयाने मान्य केली आहे. मात्र मासिक पगाराचीच सक्ती नको, कारण त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी काम करण्याच्या नर्तिकेच्या स्वातंत्र्यावर गदा येते, असेही म्हटले आहे.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावे?

परवानाधारक ठिकाणी टिप हातात द्यावी, फेकू नये. नाणी तर मुळीच फेकू नयेत, त्यांनी इजा होते. नोट कपड्यांत खोचणे हे टिप देणे नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तो स्पर्श आहे आणि तो गुन्हा आहे. टिप दिल्याने गाण्याच्या फर्माईशीपलीकडे कसलाही हक्क मिळत नाही. सुट्टे आधीच जवळ ठेवावेत, म्हणजे बंडल मागवण्याची वेळ येत नाही. बिलात टिप किंवा सेवा शुल्क आधीच जोडले असेल, तर ते कुणाला मिळते, हे विचारावे. सेवा शुल्क देणे ग्राहकावर बंधनकारक नाही.

कायद्याने उधळणे थांबवले आणि हातात देणे मोकळे केले. पण हातात आलेल्या नोटेपैकी किती तिच्याकडे राहावी, याबाबत कायदा गप्प आहे. तो हिशेब करारात लिहिला जात नाही, तोवर बार बंद झाल्यावर होणारी मोजणी मालकाच्याच टेबलावर होत राहील.