बाटलीतल्या रसायनाचं काय?

सेमीकंडक्टर म्हटलं की आपल्याकडे फॅब, हजारो कोटींची गुंतवणूक आणि भूमिपूजनाचे फोटो. त्यासाठी लागणारी रसायनं कुठून येणार, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

क्वांटम डॉट्सचंच घ्या. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल यांच्याचसाठी मिळालं. कॅडमियम सेलेनाइडचा कण २ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर निळा प्रकाश देतो, ६ च्या आसपास असेल तर लाल. पदार्थ तोच, फरक फक्त मापाचा. म्हणून सगळे कण एकाच मापाचे हवेत. १९९३ मध्ये एमआयटीत बावेंडी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे जमवलं. सुमारे ३०० अंशांवर तापवलेल्या द्रावकात कॅडमियम आणि सेलेनियमची संयुगं सिरिंजने एकदम सोडायची. क्षणात असंख्य बारीक स्फटिक तयार होतात, तापमान उतरतं, नवे बनणं थांबतं आणि आहेत तेच सावकाश वाढतात.

अडचण एकच. त्यातलं डायमिथाइल कॅडमियम महाग, विषारी आणि हवा लागली की पेट घेणारं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात शाओगांग पेंग यांच्या गटाने त्याऐवजी साधं कॅडमियम ऑक्साइड वापरून दाखवलं आणि हे काम साध्या लॅबच्या आवाक्यात आलं. नवं यंत्र नाही, फक्त कच्चा माल बदलला!

आता आपल्याकडे बघा. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये लॅबच्या रसायनांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के केलं. शास्त्रज्ञांनी ओरड केली, तेव्हा काही दिवसांतच संशोधनासाठी ते परत १० वर आणलं. बरं झालं. पण बाहेरची बाटली महागली की आपलं संशोधन अडतं, हे त्यातून उघडं पडलं. त्याचं पुढे काय?

तारापूर, पाताळगंगा, लोटे इथे रसायनं बनवणारे हात आहेत. कुणी म्हणेल, किलोभर मालासाठी प्लांट कोण टाकणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच पहिली काही वर्षं सरकारी संशोधन संस्थांनी खरेदीची हमी द्यावी. शिवाय कॅडमियम विषारी असल्याने जग इंडियम फॉस्फाइडकडे वळतंय. त्यासाठी फॉस्फरसची स्वस्त, सुरक्षित संयुगं लागतात. आत शिरायला हीच वेळ आहे.

फॅब जरूर उभारा. पण त्यात ओतायचं काय, तेही इथेच बनू द्या. नाहीतर चूल आपली आणि सरपण कायम दुसऱ्याचं.

तुम्हाला काय वाटतं?