शर्टाचा सातबारा आणि कापसाचा भाव



दोन देशांत व्यापाराचा करार झाला की वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा येतो, 'आयात कर शून्यावर, बाजार खुला'. हा मथळा वाचून कुणी टाळ्या वाजवू नयेत आणि कुणी ऊरही बडवू नये. कराराच्या पोटात 'रुल्स ऑफ ओरिजिन', म्हणजे मालाच्या उगमाचे नियम, दडलेले असतात. बाजार खरोखर कुणाला खुला झाला आणि कुणाला नाही, ते तिथे ठरते.

उगम म्हणजे काय? ज्वारी मंगळवेढ्याची, दळली लातुरात आणि भाकरी थापली पुण्याच्या खाणावळीत. मग भाकरी कुठली? खाणावळवाला एक सांगेल, पिकवणारा दुसरे सांगेल. करारांमध्ये याचे उत्तर ज्याच्या हाती गिऱ्हाईक आहे तो देतो, आणि स्वतःच्या सोयीने देतो. करमाफी पाहिजे ना, मग शर्टाचा सातबारा आणा. शिवला कुठे, कापड कुठले, सूत कुठले, सगळे दाखवा.

काही नियम लागतो हे आम्हाला मान्य आहे. तिसऱ्याच देशाचा माल आणून, पेटीवरची चिठ्ठी बदलून सवलत लाटणारे महाभाग असतात. त्यांना अडवायला साधा नियम पुरतो. शिलाई ज्या देशात झाली, शर्ट त्या देशाचा. पण मोठे देश एवढ्यावर थांबत नाहीत.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. बहुतेक कपड्यांना त्यात अट घातली की सूतकताईपासून पुढचे सगळे काम या तीन देशांतच झाले पाहिजे. २०२० साली नाफ्टाच्या जागी नवा करार आला, अट मात्र कायम राहिली. मेक्सिकोतल्या कारखान्याला भारतीय सूत कितीही परवडले तरी ते वापरले की करमाफी गेली. अमेरिकेच्या गिरण्या सूत कातणार ते प्रामुख्याने अमेरिकेच्याच रुईचे. ही रुई पिकते सरकारी अनुदानावर. त्याविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००५ साली अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. २०१४ साली ३० कोटी डॉलर देऊन अमेरिकेने ते भांडण मिटवले. म्हणजे अनुदान देऊन पिकवायचे आणि उगमाचा नियम लावून शेजाऱ्याच्या गळ्यात मारायचे. वर आम्हाला खुल्या बाजाराचे धडे द्यायचे!

युरोपची तऱ्हा पहा. २००१ साली त्यांनी सर्वांत गरीब देशांना शस्त्रास्त्रे वगळून जवळपास सगळ्या मालावर करमाफी जाहीर केली. पण शर्टाचे कापडही सवलत घेणाऱ्याच देशात विणलेले हवे, अशी अट. बांगलादेशात शिलाईची यंत्रे होती, विणकामाच्या गिरण्या मात्र गरजेला पुरतील एवढ्या नव्हत्या. चीनचे कापड आणून शर्ट शिवला की दारात १२ टक्के कर. कागदावरची माफी कागदावरच राहिली. १ जानेवारी २०११ पासून युरोपने अशा देशांसाठी नुसती शिलाई पुरेशी मानली आणि बांगलादेशच्या शर्ट-पँटना वाट मोकळी झाली. अट सैल केल्याने युरोप बुडाला नाही. बांगलादेश हे आपल्या रुईचे आणि सुताचे मोठे गिऱ्हाईक आहे. तिथे शिलाई वाढली तर यवतमाळ-परभणीच्या कापसालाही मागणी येते. म्हणून दूरदेशीचा हा नियम आमच्या घरचा प्रश्न आहे.

आता आपल्या घरचे शहाणे पाहू. २०११ सालीच भारताने बांगलादेशच्या बहुतेक तयार कपड्यांवरचा कर उठवला. त्यात चिनी कापडाचे कपडे येतात, तेव्हा उगमाचे नियम कडक करा, अशी ओरड आपल्या गिरणीमालकांनी केली. ठीक आहे. पण हेच गिरणीमालक रुईच्या बाबतीत काय मागतात? फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशी रुईवर ११ टक्के कर बसला. तो २०२२ साली एप्रिल ते ऑक्टोबर माफ झाला. २०२५ साली १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत पुन्हा माफ झाला, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर होता आणि कित्येक बाजारांत व्यापारी त्याच्या खालीच मागत होते. कापड विकताना उगम विचारा आणि रुई घेताना विचारू नका, असा हा दुतोंडी न्याय आहे.

सरकारला कापसाचा उगम आठवतो तो फक्त शेतकऱ्याला अडवताना. १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीत महाराष्ट्राचा कापूस म्हणून राज्याच्या हद्दीवर गाड्या अडवल्या. २०१० आणि २०१२ साली भारताचा कापूस म्हणून देशाच्या हद्दीवर निर्यात अडवली. भाव देण्याची वेळ आली की हा कापूस कुठला, कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नसते.

आम्ही व्यापाराच्या विरोधात नाही. व्यापाराच्या नावाने चाललेल्या अडवणुकीच्या विरोधात आहोत. जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवत आहोत :

१. कोणत्याही व्यापार करारावर सही होण्याआधी कापूस, सूत व कपड्यांच्या उगमाचे नियम मराठीत प्रसिद्ध करावेत.

२. गरीब देशांच्या कपड्यांना शिलाईचा एकच टप्पा पुरेसा मानावा, ही मागणी भारताने जागतिक व्यापार संघटनेत लावून धरावी.

३. गिरणीला संरक्षण तर कापसालाही संरक्षण. कापूस खुला तर कापडही खुले. न्याय एकच ठेवा.

४. रुईच्या निर्यातीवर पुन्हा कधीही बंदी घालू नये आणि वेचणीच्या हंगामात आयात कराशी खेळ करू नये.

प्रत्येक तालुक्याने हे ठराव गावसभेत वाचावेत, त्यावर सह्या घ्याव्यात आणि खासदाराच्या हातात द्यावेत. करार दिल्लीत होतो आणि भाव आमच्या ओट्यावर पडतो. तेव्हा सहीच्या आधी जाब विचारणे हे आमचेच काम आहे.