नौकेवरील पाहुणचार

आमच्या पुतण्यानें नोकरी सोडून शिडाच्या नौकेवर बिऱ्हाड केलें, त्यास दोन वर्षें झालीं. तेव्हांपासून आमचें बोलणें बंद होतें. बौधायनानें समुद्रसंयानाची गणना पतनीय कर्मांत केली आहे, हा आधारही आम्हीं शोधून ठेविला होता. गेल्या माघांत त्याचें पत्र आलें आणि कुटुंबाच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां पणजीस गेलों.

मांडवींत नांगरलेल्या त्या नौकेंत स्वयंपाकघर तेंच माजघर. चूल दोन्ही अंगांस खिळींवर टांगलेली. त्यामुळें नौका कलली तरी आधण सांडत नाहीं. भांडीं खाऱ्या पाण्यानें घांसावयाचीं. गोडें पाणी किनाऱ्यावरून डबे भरून होडींतून आणावयाचें व मोजून वापरावयाचें.

गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. हें सांगतांना पुतण्याच्या मुद्रेवर जें तेज दिसलें, तें त्याच्या नोकरीच्या काळांत आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें.

सकाळीं आमच्या स्नानास त्यानें गोड्या पाण्याची भरलेली बादली ठेविली. ती त्याची दोन दिवसांची बेगमी होती, हें आमच्या कुटुंबानें हळूच सांगितलें. तैत्तिरीयांतील अतिथिविषयक उपदेश आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविला. तो आचरणांत येथें पाहिला. आम्हीं दोन तांब्यांत स्नान उरकलें आणि उरलेलें पाणी त्याच्या डब्यांत ओतलें.

“काका, पुढच्या माघांतही याल ना?” त्यानें विचारलें.

आम्हीं होकार दिला. बौधायनाचा विषय निघाला नाहीं.