आडदिवसाचा जाहीरनामा

आमच्या तालुक्याच्या गावात एक बालगृह आहे. फाटकाशी टेबल आणि टेबलावर भेटीची नोंदवही. गेल्या वर्षी अधीक्षिकाबाईंनी ती वही आमच्यासमोर सरकवली आणि म्हणाल्या, "जरा चाळून बघा." आम्ही तीन वर्षांची पानं चाळली. पंधरा ऑगस्ट, बालदिन, दिवाळी, सव्वीस जानेवारी, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. या तारखांना पान पुरलेलं नाही, नावं समासात लिहिली आहेत. मधल्या आठवड्यांत फक्त दूधवाला, गॅसवाला आणि आरोग्य केंद्राच्या सिस्टर. एकदा आलेलं नाव दुसऱ्यांदा सापडावं म्हणून आम्हाला पानांमागून पानं उलटावी लागली. त्या वहीत आमचीही नावं होती. प्रत्येकाचं एकेकदाच.

ही चळवळ त्या वहीतून निघाली. आम्ही अकरा जण आहोत. चार शिक्षक, एक एसटी वाहक, एक परिचारिका, दोन शेतकरी, एक शिवणकाम करणाऱ्या ताई, आणि बालगृहात वाढून आज स्वतःच्या पायावर उभे असलेले दोघे. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं या दोघांनी आम्हाला शिकवलं.

आमच्या चुकीपासून सुरुवात करतो. आम्हीही केक घेऊन गेलो होतो. मुलं उंचीप्रमाणे रांगेत बसलेली होती. त्यांनी स्वागतगीत म्हटलं, टाळ्या वाजवल्या, ओळखदेख नसलेल्या मुलाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला, 'थँक यू' म्हटलं. सगळं इतकं सरावाचं झालेलं होतं की कुणाला सांगावंही लागत नव्हतं. निघताना सातेक वर्षांच्या एका मुलाने आमच्यातल्या एकाची बाही धरली आणि विचारलं, "काका, तुम्ही परत येणार, का झालं?" काका "येणार तर!" म्हणाले आणि गेले नाहीत. चौदा महिन्यांनी गेले तेव्हा तो मुलगा तिथे नव्हता. त्याची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं की बालगृहाला पाहुणे पुष्कळ झाले. आता आडदिवशी येणारं माणूस हवं. तेच माणूस, त्याच वारी, त्याच वेळेला, वर्षानुवर्षं. गणिताची वही तपासायला, केसांतल्या उवा काढायला, दहावीच्या निकालाच्या दिवशी, आणि निकाल वाईट लागला तर त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा.

हे नुसतं मायेपोटी बोलत नाही. रुमानियात १९८९ साली चाउसेस्कूची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या सरकारी बालगृहांत एक लाखाहून जास्त मुलं होती. पुढे २००० सालापासून बुखारेस्टमध्ये अशा १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास झाला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत ठेवली आणि वर्षानुवर्षं सगळ्यांची वाढ तपासली. घरात गेलेली मुलं बुद्धीने, बोलण्याने, जीव लावण्याने पुढे गेली. जी दोन वर्षांची होण्याआधी गेली ती सगळ्यांत जास्त सावरली. दूध आणि कपडे बालगृहातही मिळत होते. मिळत नव्हतं ते रडल्यावर दरवेळी येणारं एकच माणूस. पाळ्या बदलत, हात बदलत. आपल्याकडच्या शिशुगृहातल्या मावशींना हे कुणी शिकवावं लागत नाही. एकेका मावशीला दहा-दहा बाळं सांभाळावी लागतात तेव्हा त्या स्वतःच सांगतात, "कुणाला आधी घेऊ?"

पण बालगृहाला मदत करायची म्हणजे आधी हे विचारलं पाहिजे की मूल तिथे का आलं.

'अनाथ' या शब्दाने आपली फार दिशाभूल केली आहे. केंद्र सरकारने देशभरातल्या बालसंस्थांची पाहणी केली, तिचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. साडेनऊ हजारांहून अधिक संस्था आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेली पावणेचार लाखांच्या आसपास मुलं. त्यांत अनाथ म्हणून नोंदलेली मुलं सुमारे बेचाळीस हजार. एकच पालक असलेली मुलं मात्र एक लाख वीस हजार. म्हणजे आपण ज्यांना अनाथ समजून ब्लँकेटं वाटतो, त्यांतल्या कितीतरी मुलांची आई जिवंत आहे. ती ऊसतोडीला गेली आहे, वीटभट्टीवर आहे, शहरात चार घरची धुणीभांडी करते आहे. नवरा गेला किंवा सोडून गेला, सासरने हात वर केले, माहेरी भाऊ-भावजयीचं राज्य. कुणीतरी सांगितलं, "तिथे टाक, दोन वेळचं जेवण आणि शाळा तरी मिळेल." तिने डोळे पुसत अंगठा उठवला.

अशा आईला मूल घरी ठेवता यावं म्हणून योजना आहेत. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून एका मुलामागे दरमहा २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे ४००० रुपये मिळतात. त्याला उत्पन्नाची अट आहे. ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. पैसे आहेत, योजना आहे, आणि बाईला तिचं नावही माहीत नाही. माहीत झालं तर कागद हवेत. नवऱ्याचा मृत्यू दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, आधारला जोडलेलं खातं. मग गृहचौकशी, मग बाल कल्याण समितीचा आदेश. आमच्या वाहक मित्राने एका ताईंसाठी हे कागद गोळा केले. नवरा मजुरीला गेलेल्या गावी वारला होता, त्यामुळे मृत्यू दाखला तिथून आणायचा होता, आणि दाखल्यावर नाव चुकलेलं होतं. पाच खेपा झाल्या. त्या ताई स्वतःची रोजंदारी बुडवून पाच खेपा करू शकल्या असत्या का? नसत्या. त्यांची दोन्ही मुलं आज बालगृहात असती. एक अक्षर चुकलं म्हणून.

तेव्हा आमच्या चळवळीचं निम्मं काम बालगृहाच्या फाटकाबाहेरचं आहे. मूल आत येण्याआधी त्याच्या आईच्या दारात पोहोचणं. ज्यांना पैसेच द्यायचे आहेत त्यांना आम्ही हात जोडून सांगतो की पाचशे लाडू देऊ नका, एका आईच्या तहसीलच्या खेपांचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या. आणि सरकारला मागणी आहे की हे हप्ते दर महिन्याला, ठरल्या तारखेला खात्यात पडले पाहिजेत. सहा महिने हप्ता रखडला की आई पुन्हा मुलाला घेऊन बालगृहाच्या दारात उभी राहते. मूल बालगृहात ठेवण्याचा खर्च सरकारला जास्त पडतो, आणि मुलाला किती पडतो हे तर मोजताच येत नाही.

काही मुलांना मात्र खरोखरच कुणी नसतं, आणि काहींना घरीच धोका असतो. त्यांच्यासाठी बालगृह हवंच, चांगलं हवं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणी नसेल तर संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड. देणगी देण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. खऱ्या संस्थेला त्याचा राग येत नाही.

आता अठराव्या वर्षाबद्दल. यावर आम्ही जास्त बोलणार आहोत, कारण आमच्यातल्या दोघांनी ते भोगलं आहे.

घरातल्या मुलाचा अठरावा वाढदिवस म्हणजे मतदान आणि गाडीचं लायसन. बालगृहातल्या मुलाला तो दिवस वर्षभर आधीपासून घाबरवतो. अनेकांची खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते. कागद नसतील तर वैद्यकीय तपासणीतून वय ठरतं, आणि त्या तारखेला घर सुटतं. आमच्या मित्राने पत्र्याची पेटी उचलली तेव्हा पेटीवर त्याच्या आधीच्या दोघांची नावं खरवडलेली होती. तो सांगतो, "बाहेर पडल्यावर पहिला प्रश्न जेवणाचा नव्हता. खोलीमालकाने विचारलं, गावचा पत्ता काय लिहू?" मग एकामागून एक. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही. कर्जाला जामीनदार. अपेंडिक्सचं ऑपरेशन, आणि संमतीपत्रावर नात्याचा रकाना. दिवाळीत मेस चार दिवस बंद. आमच्या मैत्रिणीचं लग्न झालं, सासरची माणसं भली, पण पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवायची रीत आली तेव्हा तिने खोटंच सांगितलं की माहेरी आजारपण आहे. सातव्या महिन्यात ती हे सांगत सुटली होती. हे लिहितानाही आमचे हात जड होतात.

कायद्यात याची सोय लिहिलेली आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरचा आधार, विशेष परिस्थितीत आणखी दोन वर्षं. राज्याने २०१८ साली अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं, तो मोठा निर्णय होता. पण आरक्षणाला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि अनुरक्षणगृहं मोजकीच आहेत. मुलीला दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात जावं लागलं तर ती जुळलेली शाळा, मैत्रिणी, जवळची ती एकुलती मावशी, सगळं सोडून जाते. आमची मागणी साधी आहे. मूल बालगृहातून बाहेर पडेल त्या दिवशी त्याच्या हातात प्रमाणपत्र, आधार, बँकेचं पासबुक आणि राहण्याची जागा असली पाहिजे. आधी कागद, मग निरोप.

अपंग मुलांचं तर अठरा वर्षांनी काय करायचं? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारत आहेत. रेल्वे स्टेशनांवर, कचराकुंड्यांत टाकलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुलं त्यांनी वाढवली आणि वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं. या मुलांना अठरानंतरही त्याच घरात राहू देणारा कायदा करा, एवढंच ते मागत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कायदा अजून व्हायचा आहे. त्यांची मागणी ही आमची मागणी आहे, शब्दही न बदलता.

आम्ही कुठल्या वाटेने चाललो आहोत हे आम्हाला ठाऊक आहे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते सगळ्यांना माहीत असतं. १८७५ साली पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम उभा केला. पण आम्हाला सगळ्यांत जवळची वाटते ती पुढची गोष्ट. पुण्यातल्या त्या गृहात जन्मलेल्या एका मुलाला फुले दाम्पत्याने दत्तक घेतलं, यशवंत. त्याला शिकवलं, डॉक्टर केलं. जन्मावरून लोक मुलगी द्यायला तयार नव्हते तेव्हा सत्यशोधक पद्धतीने त्याचं लग्न लावलं, १८८९ साली. मृत्युपत्रात त्याला वारस केलं. १८९७ च्या प्लेगमध्ये आई आणि मुलगा एकाच दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होते, आणि त्याच रोगाने सावित्रीबाई गेल्या. शाळेची फी, लग्न, वारसा, म्हातारपण, शेवटचा दिवस, इतक्या लांबपर्यंत ते एका मुलासोबत गेले. प्रत्येकाने दत्तक घ्यावं असं आम्ही म्हणत नाही. पण लग्नात 'मुलीकडचे' म्हणून चार माणसं उभी राहायला दत्तकविधान लागत नाही.

आमच्यावर आम्ही घातलेली बंधनं अशी. मुलांचे फोटो काढणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. पण कायदा नसता तरी नसते काढले. आपल्या पोरीचा हातात ताट धरलेला फोटो आपण गावभर वाटू का? बालगृहात जाणाऱ्या आमच्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी झालेली असेल, अधीक्षकांची लेखी परवानगी असेल, आणि कुणीही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसणार नाही. बाहेरून येणाऱ्या माणसावर संशय घेणं हे बालगृहाचं कर्तव्य आहे, त्याचं आम्हाला वाईट वाटणार नाही. परदेशातून महिनाभर 'सेवा' करायला येणाऱ्या पथकांनाही आमचं हेच सांगणं राहील. जीव लावून महिन्याने विमानात बसणं हे मुलाला पुन्हा एकदा सोडून जाणं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ साली अनाथालय-पर्यटनाच्या हानीची दखल घेतली, ती उगाच नाही. मुलाला त्याच्या जन्माची, आईवडिलांची कहाणी कुणी विचारणार नाही. त्याने आपणहून सांगितली तर ऐकायची, आणि ती आपल्यापाशीच ठेवायची.

सभासद व्हायला वर्गणी नाही. अट एकच. किमान तीन वर्षं, आठवड्यातला एक आडदिवस. ज्याला तीन वर्षांचा शब्द देता येत नाही त्याने तहसीलच्या खेपांत यावं, तिथेही माणसं कमी आहेत. मधे जायची वेळ आलीच तर न सांगता गायब व्हायचं नाही. मुलाला समोर बसवून सांगायचं, का जातो आहोत, आणि त्याच्यासमोर पुढच्या माणसाची ओळख करून द्यायची.

पहिला वार मंगळवार ठरला आहे. संध्याकाळी साडेपाच, शाळा सुटून मुलांचं चहापाणी झाल्यावर. नववीच्या तीन मुलींचं बीजगणित अडलं आहे. शिवणयंत्राचा पट्टा तुटला आहे, तो ताई आणणार आहेत. आणि ज्या मैत्रिणीने माहेरी आजारपण आहे म्हणून सांगितलं होतं, तिचं दुसरं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. परिचारिकाबाईंनी घराची मागची खोली रिकामी केली आहे. डिंकाच्या लाडवांसाठी खारीक फोडायला दोन माणसं हवी आहेत.