गरज जर्मनीची, भुर्दंड मात्र आमच्या पोरांना!

जर्मनीला माणसे हवी आहेत. निवृत्त होणारी पिढी मोठी, तिच्या जागी येणारी लहान. इस्पितळांत परिचारिका अपुऱ्या, बांधकामांवर इलेक्ट्रिशियन मिळेनात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने कुशल भारतीयांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग प्रांताशी करार करून १० हजार तरुण पाठवण्याची घोषणा केली होती.

तरुणांनी जरूर जावे. पण कोणाच्या खर्चाने?

एजंटामार्फत जाणाऱ्या परिचारिकेचा हिशेब मांडून पाहा. बी१, बी२ पातळीपर्यंतची जर्मन, तिची परीक्षा, प्रमाणपत्रांची भाषांतरे, व्हिसा, विमान. सगळे कर्जाने. तिथे पोचल्यावर पदवीला मान्यता मिळेपर्यंत तिला सहायक म्हणून, कमी पगारावर राबावे लागते. आयटीआयच्या मुलाचेही तेच: आपला इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यांचा साडेतीन वर्षांचा, म्हणजे मान्यता अर्धवट. हप्ते मात्र पूर्ण.

जर्मनीने पूर्वीही अशीच माणसे बोलावली होती. १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाले. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोनच्या डॉइट्झ स्थानकावर दहा लाखावा परदेशी कामगार उतरला. अर्मांडो रोड्रिगेस, पोर्तुगालचा सुतार. त्याला फुले दिली, मोपेड भेट दिली, छायाचित्रे काढली. पुढे हा माणूस आजारी पडून मायदेशी परतला आणि साठवलेला पैसा उपचारांवर घालवून १९७९ मध्ये कर्करोगाने वारला. जर्मन आरोग्यविम्यातून मदत मिळू शकते, हे त्याला माहीतच नव्हते. मोपेड आज बॉनच्या संग्रहालयात आहे. स्वागताला अख्खे स्थानक जमले होते. हक्क समजावून सांगायला एकही माणूस नव्हता, ही त्या व्यवस्थेची लाज आहे. आणि १९७३ मध्ये तेलसंकट येताच भरती एका फटक्यात बंद झाली.

वेगळे करता येते, हे केरळने दाखवले. तिथली नोर्का रूट्स ही सरकारी संस्था ‘ट्रिपल विन’ योजनेतून परिचारिका जर्मनीला पाठवते. भाषेचा, प्रवासाचा खर्च उमेदवारावर पडत नाही. तो मालकाकडून येतो. जे कोट्टायमच्या मुलीला मिळते, ते लातूरच्या मुलीला का नको?

म्हणून महाराष्ट्र सरकारने किती जणांना शिकवले, किती जणांना प्रत्यक्ष पाठवले, कोणत्या मालकाकडे आणि किती पगारावर, हे जिल्हावार जाहीर करावे. मालकाचे नाव आणि नेमणूकपत्र हाती असल्याशिवाय कोणालाही असलेली नोकरी सोडायला लावू नये. करारनामा मराठीत द्यावा. आजारपण, विमा आणि मालक बदलण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहावा.

पालकांनो, सध्याच्या नियमांनुसार नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जास्त मागितले तर पावती मागा आणि तक्रार नोंदवा.