चालते घर थांबणार कुठे? नाताळच्या गर्दीत हिमालयातील नदीकाठाचा प्रश्न

नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्यांत कुलू-मनालीकडे धावणाऱ्या वाहनांत अलीकडे कॅरॅव्हान, म्हणजेच कॅम्परव्हॅनची भर पडली आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि काही गाड्यांत शौचालयाचीही सोय असलेले हे वाहन आता भाड्याने सहज मिळते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलर गाडीवर अशी कित्येक चालती घरे उभी राहिली आहेत. सुट्टीतील हॉटेलांचे दर पाहता चौघांच्या कुटुंबाला हा पर्याय परवडतो. शिवाय गाडी थांबेल तिथे मुक्काम करता येतो, हे त्याचे मोठे आकर्षण.

डोंगरात मात्र गाडी कुठेही थांबत नाही. तिला सपाट जागा लागते. हिमालयातील अरुंद दऱ्यांमध्ये रस्त्यालगतची सपाट जागा बहुतेक ठिकाणी नदीनेच घडवलेली असते. एक तर ती पात्रालगतची गोट्यांची आणि वाळूची पुळण असते, किंवा एखाद्या नाल्याने वरून आणलेला गाळ साचून तयार झालेला उतार. पाण्याने ती एकदा घडवली, तसे पाणी तिथे पुन्हा येऊ शकते. उत्तरकाशी जिल्ह्यातील धराली गावाची बाजारपेठ अशाच गाळाच्या जागेवर वसली होती. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगेच्या लोंढ्याने तेथील हॉटेले आणि घरे काही क्षणांत गिळली. त्या वेळी परिसरात अडकलेल्यांमध्ये महाराष्ट्रातील पर्यटकही होते. बियास नदीने जुलै २०२३ आणि ऑगस्ट २०२५ अशा दोन पावसाळ्यांत कुलू-मनाली महामार्गाचे तुकडे वाहून नेले.

हा धोका पावसाळ्याबरोबर संपतो, अशी पर्यटकांची समजूत असते. डिसेंबरात नदी आटलेली, पाणी निळे-हिरवे, काठ कोरडा. मुक्कामाला याहून रम्य जागा कोणती? पण बियास, पार्वती, सतलज या नद्यांवर जलविद्युत प्रकल्पांची साखळी आहे. हिवाळ्यात प्रवाह क्षीण असल्याने अनेक प्रकल्प दिवसभर पाणी अडवतात आणि विजेची मागणी वाढते तेव्हा, म्हणजे प्रामुख्याने संध्याकाळी, ते जनित्रांतून सोडतात. वीजगृहाखालच्या पात्रातील पाणी त्यामुळे आभाळात ढग नसतानाही वाढते. पर्यटक गाडी लावून शेकोटी पेटवतात तीही हीच वेळ. ८ जून २०१४ च्या सायंकाळी मंडी जिल्ह्यातील थलोट येथे हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी बियासच्या पात्रात छायाचित्रे काढत असताना लारजी धरणातून पाणी सोडले गेले. २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल व्यवस्थापक वाहून गेले. ते तर दिवसाउजेडी, उघड्यावर उभे होते. दारे-खिडक्या लावून झोपलेल्या कुटुंबाला भोंग्याचा आवाज ऐकू येईल, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. (दारे-खिडक्या गच्च लावून आत गॅसची किंवा कोळशाची शेगडी पेटती ठेवणे हा वेगळाच जीवघेणा प्रकार. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.)

गर्दीचे गणितही बदलले आहे. रोहतांग खिंडीत रोज जाणाऱ्या पर्यटक वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने मर्यादा आहे : ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल, एकूण १,२००. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि खिंडीला वळसा घालून लाहौल खोऱ्यात जाण्याची वाट मिळाली. या वाटेवर तशी मर्यादा नाही. रोज ३,००० मोटारी आणि १,५०० मालमोटारी, ही बोगद्याची आरेखित क्षमता. डिसेंबर २०२३ मध्ये नाताळच्या तोंडावर एका दिवसात २८ हजारांहून अधिक वाहने त्यातून गेली. त्याच दिवसांत एका पर्यटकाने कोंडी टाळण्यासाठी आपली गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रातून हाकली. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि पोलिसांनी दंड केला. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, बर्फवृष्टीमुळे सोलंग परिसरात सुमारे हजार वाहने अडकली आणि हजारो पर्यटकांना बाहेर काढावे लागले. अशा कोंडीत मोटारीतला प्रवासी निदान मनालीतील खोलीवर परतण्याच्या खटपटीत असतो. कॅरॅव्हानमधला प्रवासी मात्र आहे तिथेच, रस्त्याकडेला किंवा नदीकडेला, रात्र काढण्याचा विचार करतो.

दुसरा प्रश्न मैल्याचा. तो टाळून या पर्यटनाची चर्चा होते, हे खटकणारे आहे. गाडीतील सुट्या शौचालयाची टाकी साधारण वीस लिटरची असते. चौघांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते. मग ती रिकामी कुठे करायची? भांडी आणि आंघोळीचे साबणमिश्रित पाणी तर रोजचेच. कडाक्याच्या थंडीत मैल्याचे विघटन करणारे जीवाणू मंदावतात, म्हणून थंडीत जमिनीत पुरलेला मैला महिनोन्महिने तसाच राहतो आणि बर्फ वितळताच नाल्यात उतरतो. गंगाकाठी हा प्रश्न पूर्वीच उभा राहिला. ऋषिकेशच्या वरच्या पट्ट्यातील वाळूवर राफ्टिंगच्या तंबूंची दाटी झाल्यावर हरित लवादाने २०१५ मध्ये तेथील तंबूंना आधी मनाई केली आणि नंतर अटींसह परवानगी दिली. पण तंबू एका जागी असतो, त्याचा परवाना तपासता येतो. सकाळी निघून जाणाऱ्या गाडीला नोटीस कोणी आणि कोठे बजावायची?

राज्यांनी याचा विचार केलाच नाही असे नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटन धोरण आणले, त्यात कॅरॅव्हान पार्कचाही समावेश केला. त्याच वर्षी केरळने पार्कसाठी किमान ५० सेंट, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठे जागा आणि किमान पाच गाड्यांची सोय अशी अट घातली. वागमोन येथे २०२२ च्या फेब्रुवारीत असा पार्क सुरू झाला. हिमालयात मात्र गाड्या आधी पोहोचल्या. वाहनाबाबतचे नियम तुलनेने स्पष्ट आहेत. मोटर कॅरॅव्हानसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच बजावले आहे. घरच्या घरी पलंग आणि गॅसची टाकी बसवून घेतलेल्या अनेक गाड्या या कसोटीला उतरणे कठीण. तरीही गाडी कशी असावी हे सांगणारा कागद आहे. ती रात्री कुठे उभी राहावी हे सांगणारा कागद या दऱ्यांमध्ये क्वचितच भेटतो.

काही निर्णय गावांनीच हाती घेतले आहेत. बोगद्यापलीकडच्या सिस्सू परिसरातील गावे जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या सणांच्या काळात पर्यटकांसाठी दार बंद ठेवतात. हिवाळी पर्यटनाचा हंगाम ऐन भरात असताना हे उत्पन्न सोडून द्यायचे, हा लहान निर्णय नाही.

प्रशासनाला या हंगामात फार मोठे बांधकाम करण्याची गरजही नाही. प्रत्येक वीजगृहाच्या खालच्या पट्ट्यात रात्रीच्या मुक्कामाला मनाई असलेली ठिकाणे खुणांनी दाखवणे, पाणी सोडण्याच्या वेळा तपासणी नाक्यावर हिंदी-इंग्रजीत लिहिणे आणि मनालीच्या अलीकडे एक-दोन वाहनतळांवर मैला टाकण्याची सोय करणे, एवढे सहज शक्य आहे. पाणी सोडण्याची वेळ प्रकल्प चालवणाऱ्यांना ठाऊक असतेच. ती नाक्यावरच्या फळ्यापर्यंत पोहोचवायची आहे.