बघू, करू, या पुढच्या सोमवारी

मराठीत 'नाही' असा एक शब्द आहे, याचा आमच्या कचेऱ्यांना साफ विसर पडलेला आहे. गेली वीस वर्षं मी बँकेच्या खिडकीमागे बसतो. या काळात नकारासाठी मी ऐकलेले शब्द असे : बघू. करू काहीतरी. साहेब मीटिंगला गेलेत. प्रकरण वर गेलंय.

हे 'वर' म्हणजे बहुधा साहेबांच्या टेबलाचा वरचा खण. पण सोनारीच्या माणसाला 'वर' म्हटलं की काळभैरवनाथच आठवतो, आणि तो बिचारा हात जोडून मुकाट्यानं परत जातो.

या प्रकाराला आमच्यात 'माणूस दुखवू नये' असं गोंडस नाव आहे. मला ते अजिबात मान्य नाही. समजा, सोनारीच्या कुणा तात्यांनी म्हशीसाठी प्रकरण टाकलं. सोसायटीची जुनी थकबाकी आहे, कर्ज बसत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. तरी सांगायचं काय? "तात्या, या की पुढच्या सोमवारी!" असे चार सोमवार. दर हेलपाट्याला एस.टी.चं जाऊन-येऊन तिकीट आणि बुडालेला रोज. तोवर ठरवलेली म्हैस दुसऱ्याच्या दावणीला गेली आणि तात्या सावकाराच्या ओट्यावर. बी.कॉम.ला आम्हांला शिकवलं होतं, जे येतं ते नावे, जे जातं ते जमा. इथं येतातही तात्या आणि जातातही तात्या, पण दोन्ही नोंदी त्यांच्याच नावे! चांगुलपणा आमचा, खर्च त्यांचा. सोनारीच्या देवळापाशी माकड हातातला नारळ पळवतं, पण निदान 'सोमवारी या' असं तरी म्हणत नाही.

आता कुणी म्हणेल, लग्नाच्या बाजारात 'पत्रिका जुळत नाही' म्हणतातच की! म्हणतात. पण त्यात कारण खोटं असलं तरी नकार खरा असतो. मुलीचा बाप त्याच दिवशी दुसरं स्थळ बघायला मोकळा होतो. आमचा 'बघू' त्याला मोकळंही करत नाही. शिवाय कर्जाच्या बाबतीत कारणही खरंच लागतं, कारण थकबाकी फेडता येते, जामीनदार बदलता येतो. पत्रिकेतला मंगळ कोण बदलणार?

मात्र दुसऱ्या टोकाच्या स्पष्टवक्त्यांचाही मी वकील नाही. "तुमचा सिबिल खराब आहे हो!" असं पंधरा माणसांच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणारे महाभाग आमच्याकडे आहेत. बोलतात खरं, पण तात्या घरी पोचायच्या आत बातमी पारावर पोचते. खरं बोलायला लाऊडस्पीकर लागत नाही. बाजूची खुर्ची पुढे ओढावी, आवाज खाली आणावा आणि सांगावं, "तात्या, हे होणार नाही. कारण हे. एवढं केलंत तर पुन्हा अर्ज करा." गोडवा आवाजात असावा, निकालात नको.

आणि हे माझं एकट्याचं तत्त्वज्ञान नव्हे. दोन लाखांपर्यंतचं कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवा, असं रिझर्व्ह बँकेनं 2003 सालीच बँकांना सांगितलं. 2007 साली रकमेची अटही काढली आणि सगळ्याच कर्जांना हा नियम लावला. अर्जाची पोच द्यावी, निकाल किती दिवसांत लागेल तेही सांगावं, हेही त्यातच आलं. म्हणून वाचकहो, खिडकीवर 'बघू' ऐकू आलं की रागावू नका, कागद मागा. लेखी कारण मागितलं की भल्याभल्यांना एकदम 'नाही' म्हणता येऊ लागतं.

कारण 'नाही' ऐकलेला माणूस दुपारच्या एस.टी.नं घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी दुसरी वाट धरतो. 'बघू' ऐकलेला माणूस अजून आमच्या बाकावर बसून आहे.